'स्टॉकर' बघताना झोप लागली, म्हणजे आपल्यात काही कमी आहे का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. चार मित्र मिळून रशियन दिग्दर्शक तार्कोवस्कीचा 'स्टॉकर' हा सिनेमा बघायला बसले. एकाने अर्ध्या तासात मोबाइल काढला, एकाला झोप लागली (प्रश्न विचारणारे हेच), तिसरा शेवटी रडत होता आणि चौथा म्हणाला की हे सगळं ढोंग आहे, तीन बाप्ये गवतात लोळतात आणि आपण त्याला क्लासिक म्हणायचं. मग रात्री दोन वाजेपर्यंत भांडण. आता विचारलंय की एकाच सिनेमाबद्दल इतकी टोकाची मतं कशी काय होतात, आणि झोप लागली म्हणजे आपली समज कमी पडते का.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण तोच तुम्हाला जास्त लागलाय असं दिसतंय. नाही, समज कमी वगैरे काही नाही. मी गेली पंचवीसएक वर्षं एडिटिंग करते, आमच्या गावात फिल्म सोसायटी चालवते, 'स्टॉकर' आम्ही आत्तापर्यंत तीनदा लावला आणि तिन्ही वेळा हॉलचे सरळ दोन तुकडे झाले. मी स्वतः तो पहिल्यांदा पुण्यात फिल्म आर्काइव्हच्या हॉलमध्ये पाहिला, रात्रभर एसटीत बसून आले होते, आणि माणसं झोनमध्ये, म्हणजे सिनेमातल्या त्या बंदी असलेल्या भागात, पोचायच्या आधीच माझा डोळा लागला. जाग आली तेव्हा पडद्यावर पाणी होतं, उथळ पाणी, खाली फरशी, फरशीवर नाणी, सिरिंज, कसलेसे कागद, आणि कॅमेरा त्यावरून सावकाश सरकतोय. मला कळेना की मी अजून झोपेत आहे की जागी. सिनेमा आवडला की नाही हे तेव्हा सांगताच आलं नसतं, पण ते पाणी पुढे कितीतरी महिने डोक्यातून गेलं नाही.

तर हे असं का होतं ते मला जेवढं कळलंय तेवढं सांगते.

आपल्याकडे एक समज पक्का आहे की असले सिनेमे तिकडच्या लोकांना कळतात, आपल्याला सवय नाही म्हणून जड जातात. हे खरं नाही. रशियात, म्हणजे तेव्हाच्या सोव्हिएत युनियनमध्ये, हीच भांडणं झालीत आणि जास्त कडाक्याची झालीत. 'स्टॉकर'च्या आधी १९७५ साली तार्कोवस्कीचा 'मिरर' आला होता. त्यात सरळ गोष्ट नाही, एका माणसाच्या आठवणी आहेत, त्याची आई आणि बायको दोघींचं काम एकच नटी करते, मधेमधे युद्धाच्या जुन्या न्यूजरील येतात, आणि तार्कोवस्कीचे वडील आर्सेनी, जे मोठे कवी होते, ते स्वतःच्या आवाजात स्वतःच्या कविता वाचतात. या सिनेमावर प्रेक्षकांनी दिग्दर्शकाला पत्रं लिहिली आणि त्यातली बरीच त्याने नंतर स्वतःच्या पुस्तकात छापली, शिव्यांची सुद्धा. लेनिनग्राडच्या एक सिव्हिल इंजिनिअर बाई लिहितात की अर्ध्या तासात डोकं दुखायला लागलं, कारण मी मनापासून समजून घ्यायचा प्रयत्न करत होते, पात्रं, घटना, आठवणी यांचा काही संबंध जुळेना. स्वेर्दलोव्स्कचा एक इंजिनिअर तर सरळ कचरा म्हणून मोकळा झाला. आणि त्याच सिनेमावर गॉर्की शहरातली एक बाई लिहिते की माझं लहानपण अगदी असंच होतं, तो वारा, ते वादळ, मांजर बाहेर काढ म्हणून ओरडणारी आजी, अंधारलेली खोली, हे सगळं तुम्हाला कसं कळलं?

ही सगळी पत्रं खरी आहेत हे लक्षात घ्या. भाषा तीच, देश तोच. डोकं दुखलेल्या बाई अडाणी नव्हत्या, उलट त्या जास्त मेहनत करत होत्या. आणि माझं म्हणणं हेच आहे की त्या मेहनतीनेच त्यांचं डोकं दुखलं. त्या सिनेमाकडे ड्रॉइंग वाचतात तसं बघत होत्या, कुठली रेघ कुठे जोडलीय, आणि गॉर्कीच्या बाई घरातल्या आवाजांकडे कान लावून बसल्या होत्या. पडदा एक, पण दोघी दोन वेगळी कामं करत होत्या, मग निकाल एक कसा येईल? विज्ञान अकादमीच्या भौतिकशास्त्र संस्थेतल्या भित्तिपत्रकात कुणीतरी 'मिरर'बद्दल लिहिलं होतं की हा सिनेमा तारे बघावेत, समुद्र बघावा तसा बघा, यात गणिती तर्क शोधू नका. फिजिक्सवाल्यांच्या भिंतीवर हे लागलं होतं ही गोष्ट मला फार आवडते.

आता 'स्टॉकर'कडे येते, आणि इथे जरा माझ्या धंद्यातलं बोलते.

सिनेमा १९७९ चा, साधारण १६० मिनिटांचा, आणि त्यात शॉट, म्हणजे मधे न तोडलेले सलग तुकडे, आहेत १४२. म्हणजे सरासरी एक शॉट मिनिटापेक्षा जास्त चालतो आणि काही तर चार मिनिटांच्या पुढे जातात. आजचा साधा थिएटरमधला सिनेमा घेतला तर तेवढ्या वेळात हजाराच्या वर शॉट सहज होतात. आम्ही टेबलवर कट कुठे मारतो, तर प्रेक्षकाला शॉटमधली माहिती मिळाली की. बाई दारातून आली, तिच्या हातात पत्र आहे, तिचा चेहरा पडलाय, बास, कट. माहिती संपली की शॉट संपला हा आमचा रोजचा हिशोब, आणि प्रेक्षकाचा मेंदूही त्याच हिशोबाला सरावलेला असतो, त्याला माहीतही नसतं पण तो कटची वाट बघत असतो.

तार्कोवस्की तिथे कट मारत नाही. माहिती संपते आणि शॉट चालूच राहतो. मग प्रेक्षकाचं काय होतं हे मी हॉलच्या मागच्या भिंतीला टेकून कितीतरी वेळा बघितलंय. आधी काही सेकंद शांतता, मग खुर्च्या करकरतात, खोकले सुरू होतात, कुणीतरी शेजारच्याच्या कानात बोलतं, म्हणजे कंटाळा आलाय, आणि तो खरा कंटाळा असतो, त्याला दुसरं नाव द्यायचं कारण नाही. पण शॉट त्याच्याही पुढे चालत राहिला की काही लोकांची खुर्ची करकरायची थांबते. आता ते वाट बघत नाहीयेत, आता ते बघताहेत. भिंतीवरचा ओलावा, गवतातून जाणारा वारा, माणसाच्या मानेवरची शीर. तार्कोवस्कीचं म्हणणं साधारण हेच होतं की शॉट नेहमीपेक्षा लांबवला तर कंटाळा येतो, आणखी लांबवला तर पुन्हा उत्सुकता वाटते, आणि त्याहून लांबवला तर लक्ष देण्याचीच एक वेगळी जात तयार होते. माझा अनुभव असा की हे बरोबर आहे पण सगळ्यांच्या बाबतीत नाही, सगळ्या दिवशी तर नाहीच. काही लोक त्या कंटाळ्याच्या पलीकडे पोचतात, काही अलीकडेच राहतात, आणि पोचणं न पोचणं हे त्या दिवशी तुम्ही कुठून आलात, किती थकलात, किती अपेक्षा घेऊन बसलात यावर फार अवलंबून असतं. तुमच्या रडणाऱ्या मित्राला आणि ढोंग म्हणणाऱ्या मित्राला दोघांनाही तोच लांबलेला वेळ लागलाय, एकाला पलीकडून लागला, एकाला अलीकडून, एवढंच.

सुरुवातीच्या नावांनंतरचाच एक शॉट घ्या. अर्धवट उघडं दार, आत बेडरूम, कॅमेरा आत सरकतोय पण इतका हळू की सरकतोय हेच कळत नाही, एकदम लक्षात येतं की अरे, मघाशी दाराच्या चौकटी दिसत होत्या, आता आपण खोलीत आहोत. मग पलंगावरची माणसं, बायको, मधे मुलगी, पलीकडे नवरा, आणि बाहेरून ट्रेन जाते तशी पलंगाशेजारच्या टेबलावरची भांडी थरथरतात. घडत काहीच नाही. पण या घरात झोपसुद्धा धड लागत नाही, पैसा नाही, बाहेरचं जग सतत भिंतीतून आत घुसतंय, हे सगळं एकही वाक्य न बोलता अंगावर येतं. मोबाइलवर बघितलात तर यातलं काही येणार नाही, कारण तो सगळा भाग गडद तपकिरी आहे आणि मोबाइलवर तो नुसता काळा डाग दिसतो. तुमच्या ज्या मित्राने मोबाइल काढला त्याला मी दोष देणार नाही, पण सिनेमाच जर लॅपटॉपवर ट्यूबलाइट लावून बघितला असेल तर त्याने जे बघितलं ते निम्मंच होतं.

आणि ती ट्रॉली. तिघं, म्हणजे लेखक, प्रोफेसर आणि त्यांना घेऊन जाणारा वाटाड्या, रुळांवरच्या ट्रॉलीवर बसून झोनकडे जातात. साडेतीन-चार मिनिटं. कॅमेरा त्यांच्या डोक्यांच्या अगदी जवळ, मागचं सगळं धूसर, कुणी बोलत नाही, फक्त चाकांची खटखट. मी एडिटर म्हणून हा सीन कितीदा मोजून बघितला असेन. युक्ती आवाजात आहे. खटखट सुरुवातीला खरीखुरी आहे, मग त्यात हळूहळू एदुआर्द आर्तेम्येवचा इलेक्ट्रॉनिक आवाज मिसळत जातो, नक्की कुठून मिसळला ते पकडता येत नाही, आणि एका क्षणी लक्षात येतं की आपण आता रुळांवर नाही, कुठे आहोत ते माहीत नाही. आणि मग एकदम रंग, हिरवं, ओलं, शांत. माझ्या मते हा सीन तीस सेकंदांत केला असता तर प्रेक्षकाला कळलं असतं की ते झोनमध्ये गेले. चार मिनिटांत प्रेक्षक स्वतः जातो.

आपल्याकडे अशा वेळी लोक पटकन विलंबित ख्यालाचं उदाहरण देतात. बडा ख्याल चाळीस मिनिटं दोन ओळींवर चालतो, तिथे कुणी विचारत नाही की गोष्ट पुढे का सरकत नाही. मी पण हे उदाहरण बरीच वर्षं द्यायची. पण एकदा आमच्याच सोसायटीतल्या एका तबलजींनी मला थांबवलं, म्हणाले, ताई, विलंबितात ठेका असतो, कितीही हळू असला तरी आपल्याला माहीत असतं की सम येणार आहे, कुठे येणार आहे तेही माहीत असतं, म्हणून माणूस आनंदाने वाट बघतो. तुमच्या या सिनेमात सम कुठे आहे ते सांगा. मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. आता वाटतं त्यांनी नेमक्या जागी बोट ठेवलं होतं. तार्कोवस्की ठेका देतो, ट्रॉलीची खटखट, पाण्याचे थेंब, आणि मग तोच काढून घेतो. सम येईल की नाही हे सांगतच नाही. ज्याला हे न सांगणं सहन होतं त्याला सिनेमा लागतो, ज्याला होत नाही त्याला फसवल्यासारखं वाटतं, आणि मला वाटतं फसवल्यासारखं वाटणं ही अगदी प्रामाणिक प्रतिक्रिया आहे.

बरं, हे सगळं चुकून झालेलं नाही. गॉसकिनो, म्हणजे तिकडची सरकारी सिनेमा समिती, तिथल्या लोकांनी सांगितलं होतं की सुरुवात फार संथ आहे, जरा वेग वाढवा. यावर तार्कोवस्कीने दिलेलं उत्तर प्रसिद्ध आहे, की उलट सुरुवात अजून संथ आणि अजून कंटाळवाणी पाहिजे, म्हणजे जे चुकून या हॉलमध्ये शिरलेत त्यांना खरी गोष्ट सुरू व्हायच्या आत उठून जायला वेळ मिळेल. काही लोकांना यात माज दिसतो. मला तसं वाटत नाही. मला हा प्रेक्षकाचा मान ठेवणं वाटतं, कारण तो पहिल्या वीस मिनिटांतच सांगतोय की पुढे असंच आहे, बघा, थांबायचं तर थांबा. किती सिनेमे इतकं खरं सांगतात?

आणि संथपणा त्या गोष्टीच्याच पोटात आहे. झोनमध्ये सरळ चालायचं नाही हा तिथला नियम आहे. समोर जवळच ते घर दिसतंय, ज्यातल्या एका खोलीत मनातली इच्छा पूर्ण होते म्हणतात, पण तिकडे सरळ जायचं नाही, वळसा घ्यायचा, बोल्टच्या लोखंडी नटला चिंधी बांधून पुढे फेकायची, ती पडली तिथवर जायचं, मग पुन्हा फेकायची. लेखक वैतागतो, सरळ निघतो, आणि घाबरून परत येतो. ज्या प्रेक्षकाला वाटतं की अरे एकदाचे पोचा ना त्या खोलीत, तो प्रेक्षक म्हणजे तो लेखकच आहे, सिनेमात त्याची जागा आधीच करून ठेवलीय.

आता अपेक्षांबद्दल थोडं, कारण निम्मी भांडणं इथेच होतात. नाव 'स्टॉकर', आज या शब्दाचा अर्थ पाठलाग करून त्रास देणारा, त्यामुळे काही लोक थ्रिलर समजून बसतात. इथे त्याचा अर्थ वाटाड्या, चोरवाटांनी लोकांना बंदी असलेल्या भागात नेणारा. काही लोक सायन्स फिक्शन समजून बसतात आणि त्यांचा राग तर समजण्यासारखा आहे, कारण मूळ कादंबरी स्त्रुगात्स्की बंधूंची, आर्कादी आणि बोरिस, आणि त्यात झोनमधून आणलेल्या विचित्र वस्तू आहेत, त्यांचा काळाबाजार आहे, घडामोडी आहेत. सिनेमात त्यातलं जवळपास काही उरलं नाही. त्याचं एक कारण म्हणजे मोठा अपघात. पहिल्यांदा शूट केलेलं बाहेरचं बरंचसं फुटेज लॅबमध्ये डेव्हलप करताना वाया गेलं, कॅमेरामन बदलला, पुन्हा पैसे मिळवण्यासाठी सिनेमा दोन भागांचा करायचं ठरलं, आणि त्या सगळ्यात पटकथा पुन्हा पुन्हा लिहिली गेली, दर वेळी विज्ञानकथा कमी आणि माणसं जास्त. शूटिंग झालं एस्टोनियात, ताल्लिनजवळ, बंद पडलेल्या जुन्या वीज केंद्रांच्या आसपास. आज बघताना वाटतं की हा सिनेमा पहिल्यापासून असाच असणार, पण तो तसा नव्हता, तो खरवडत खरवडत असा झाला.

आकड्यांनीही थोडा अंदाज येतो. 'स्टॉकर'ची तिकडे चाळीस लाखांच्या वर तिकिटं गेली. ऐकायला खूप वाटतं. पण १९८० साली त्याच देशात समुद्री चाच्यांचा एक ॲक्शनपट आठ कोटींच्या वर लोकांनी पाहिला. म्हणजे रशियन माणूस घरी बसून तार्कोवस्कीच बघत असतो हे आपलं चित्र काढून टाका. तिथेही तो थोड्या लोकांचाच होता, फक्त ते थोडे लोक फार जीव लावून बघायचे.

आमच्या तीन स्क्रीनिंगबद्दल सांगते. पहिलं फसलं, आणि ते सिनेमामुळे फसलं नाही. मिळालेली कॉपी खराब होती, आवाज फाटत होता, सबटायटल पडद्याच्या खाली निम्मी कापली जात होती, आणि मी आधी उभं राहून वीस मिनिटं भाषण केलं की हा जगातला श्रेष्ठ सिनेमा आहे. ते भाषण ही मोठी चूक होती. श्रेष्ठ म्हटलं की माणूस श्रेष्ठपणा शोधायला लागतो, आणि 'स्टॉकर'मध्ये पहिला एक तास शोधून काय सापडणार, चिखल. अर्धा हॉल मध्यंतरात गेला.

दुसऱ्या वेळी मी फक्त एवढंच सांगितलं की सिनेमा संथ आहे, दोन भागांत आहे, मधे चहा आहे, कुणाला जावंसं वाटलं तर मागच्या दाराने जा, वाईट वाटून घेणार नाही. त्या दिवशी कमी लोक गेले. गेले त्यात आमचे एक गणिताचे निवृत्त सर होते, सोसायटीचे जुने सभासद, एकही सिनेमा न चुकवणारे. नंतर मी त्यांना विचारलं तर म्हणाले, मला संथपणाचा त्रास नाही, मला बोलण्याचा त्रास झाला, तो लेखक जे तत्त्वज्ञान सांगतो ते कॉलेजच्या पोरांसारखं आहे, आणि सिनेमा ते फार गंभीरपणे घेतो. मला हा आक्षेप अजून खोडता आलेला नाही. मलाही दुसऱ्या भागातली काही भाषणं जड वाटतात, खास करून खोलीच्या उंबरठ्यावर पोचायच्या आधीची. माझं एकच म्हणणं आहे की सिनेमा त्या बोलण्यावर विश्वास ठेवत नाही, लेखक बोलबोल बोलतो आणि कॅमेरा त्याच्याकडे न बघता भलतीकडे बघतो. सरांना हे पटलं नाही. त्यांचा आक्षेप सिनेमा नीट बघून आलेला होता, म्हणून मला तो कुठल्याही कौतुकापेक्षा किमती वाटतो.

इथे सबटायटलचा मुद्दा येतो, जो कुणी फारसा बोलत नाही. रशियन प्रेक्षक ती भाषणं कानाने ऐकत होता आणि डोळ्याने भिंत, पाणी, चेहरे बघत होता. आपण ती वाचतो. लेखक तीन मिनिटं बोलला तर आपले डोळे तीन मिनिटं पडद्याच्या खालच्या पट्टीत अडकलेले, म्हणजे ज्यासाठी शॉट लांब ठेवलाय तेच आपण बघत नाही. त्यामुळे बोलणं जास्त जड होतं आणि चित्र कमी होतं. आपण बघतो तो सिनेमा आणि मॉस्कोत बघितला गेला तो सिनेमा यात एवढा फरक पडतोच, आणि यावर उपाय एकच, दुसऱ्यांदा बघताना काही सीन सबटायटल बंद करून बघा. माझ्या ओळखीच्या दोघातिघांना सिनेमा तसाच सापडलाय.

तिसऱ्या स्क्रीनिंगला एक गृहस्थ आले होते, रेल्वेत लाइनवर नोकरी केलेले, मुलीबरोबर आले होते, मुलगी कॉलेजला. सिनेमा संपल्यावर चर्चेत सगळे देव, श्रद्धा, इच्छा असं बोलत होते आणि हे गप्प. मी विचारलं तर म्हणाले, ट्रॉलीवर बसलं की असंच असतं, कुणी बोलत नाही, एकजण रूळ बघतो, एकजण मागे बघतो, आणि आवाज अंगात भिनतो, उतरल्यावर पण येत राहतो. बाकी सिनेमाबद्दल म्हणाले, फार लांबला. मुलगी शेजारीच बसली होती, तिला तो सगळाच आवडला होता, फक्त ट्रॉलीचा सीन तिला बोअर झाला होता! एका घरातली दोन माणसं, आणि सिनेमा दोघांना वेगवेगळ्या जागी भेटला. म्हणून 'आवडला की नाही' हा प्रश्न मी आता विचारतच नाही. कुठे जागे होतात आणि कुठे सुटलात एवढंच विचारते, आणि यावर लोक फार छान बोलतात, भांडत नाहीत.

भांडणं कशाने होतात, तर 'तुला कळला नाही' या वाक्याने. याचा मला खरंच राग आहे. सिनेमा आवडणाऱ्यांनीच या सिनेमाचं सगळ्यात जास्त नुकसान केलंय. समोरचा सांगतोय की मला कंटाळा आला, आणि आपण त्याला सांगतो की तुझी पात्रता नाही, मग तो पुढच्या वेळी कशाला येईल? तो येत नाही, आणि वर आयुष्यभर सगळ्याच संथ सिनेमांना ढोंग म्हणत राहतो. आणि जे आवडल्याचं नाटक करतात तेही असतात, फेस्टिव्हलच्या रांगांमध्ये मी ते बघितलेत, तीन तास घड्याळ बघून बाहेर येऊन 'काय जबरदस्त' म्हणणारे. तुमचा चौथा मित्र ज्याला ढोंग म्हणतोय ते बहुतेक यांचंच असेल. सिनेमात ते नाही. सिनेमात एका गरीब माणसाची बायको कॅमेऱ्याकडे बघून सांगते की याच्याशी लग्न केल्याचा मला पस्तावा नाही, आणि त्यात ढोंग शोधून दाखवा कुणी.

आता तुम्ही पुढे काय करायचं. दीडपट स्पीडवर बघू नका, कितीही मोह झाला तरी. ज्यांनी बघितलाय त्यांना मी विचारलंय, गोष्ट कळते म्हणतात, आणि गोष्ट तर दहा ओळींची आहे, तेवढ्यासाठी बघायचाच कशाला. पुन्हा लगेचही बघू नका. आधी त्याचाच 'इव्हान्स चाइल्डहुड' बघा, १९६२ चा, दीड तासाचा, युद्धातल्या एका मुलाची गोष्ट, त्यात कथा पण आहे आणि पुढचा तार्कोवस्की पण दिसायला लागतो, व्हेनिसला गोल्डन लायन मिळालेला. मग 'मिरर'. 'आंद्रेई रुब्ल्योव' मोठा आहे पण त्यातला घंटा ओतण्याचा शेवटचा भाग कुणालाही धरून ठेवतो, ज्याला संथ सिनेमा आवडत नाही त्यालाही. 'स्टॉकर' बघाल तेव्हा सुट्टीच्या दिवशी दुपारी बघा, अंधार करून, हेडफोन नाही तर चांगले स्पीकर लावून, जेवून लगेच नको. आणि दोन भागांच्या मधे उठा, पाणी प्या, सिनेमाच तशी सोय करून देतो.

आणि हे सगळं करूनही नाही आवडला तर नाही आवडला. मला स्वतःला 'नॉस्टॅल्जिया'मधला मेणबत्तीचा सीन, रिकाम्या तलावातून पेटती मेणबत्ती न विझवता पलीकडे न्यायची, नऊएक मिनिटांचा एकच शॉट, तो थिएटरमध्ये छातीत धडधड होईपर्यंत लागला आणि घरी टीव्हीवर लागलाच नाही. मी तीच, शॉट तोच.

एक शेवटची गोष्ट, कारण तुम्ही लिहिलंय की शेवटी जाग आली तेव्हा मुलगी टेबलावरच्या ग्लासांकडे बघत होती आणि ते सरकत होते, हे काय होतं. सुरुवातीला पलंगाजवळ भांडी थरथरतात तेव्हा ट्रेन जात असते, म्हणजे कारण आपल्या कानात असतं, आपण त्यावर विचारही करत नाही. शेवटच्या शॉटमध्ये मुलगी पुस्तक खाली ठेवते, रशियन कवी त्यूत्चेवची कविता तिच्या आवाजात ऐकू येते, मग ती ग्लासांकडे बघते आणि ग्लास सरकायला लागतो. कुत्रं कण्हतं. एक ग्लास टेबलाच्या कडेवरून खाली पडतो. आणि ट्रेन त्याच्यानंतर येते, आधी नाही. हा क्रम नीट ऐकायचा असेल तर सुरुवातीचा तो पलंगाचा शॉट जागेपणी बघितलेला पाहिजे. आमच्याकडे यावर अजून वाद आहे, अर्धे म्हणतात मुलीने सरकवला, अर्धे म्हणतात लांबून येणाऱ्या ट्रेनचा हादरा आधी पोचला. मी तो शॉट हेडफोन लावून बऱ्याचदा ऐकलाय आणि माझं मत मुलीच्या बाजूने आहे. तुम्ही ऐका आणि मला कळवा.